तासांचा कागद

सही माझी लागते.
तारीख, काम, वेळ, आणि शेवटच्या रकान्यात
लॉर्ना हॅस्क्यू.
रकाना इतका अरुंद
की आडनाव दरवेळी चौकटीबाहेर लोंबतं.

शाळेतली कॅडेट पोरं शनिवारी सकाळी येतात,
घडीने बोट कापेल अशी इस्त्री,
आणि बूट असे
की आमच्या माजी सैनिक भवनाच्या फरशीने लाजावं.
दीडशे तास भरले की अर्ज करता येतो.
सोबत निबंध. तो कुणाला आवडला
तर दोन हजार डॉलर, कॉलेजच्या पहिल्या वर्षासाठी.
दोन हजारांत काय येतं
ते मी त्यांना सांगत नाही.

बहुतेक जण वीस मिनिटांचा अर्धा तास करतात.
मी करू देते.
माझ्या नवऱ्याची सव्वासोळा वर्षंही
भरतीच्या कागदावर अशीच सतरा झाली होती.

टर्लिन रिक्लॉन मात्र मिनिटं लिहायची.
मार्शल बेटांवरची पोर,
आई कोंबड्यांच्या कारखान्यात रात्रपाळीला.
"स्प्रिंगडेलला समुद्र नाही, करमतं का गं?"
तर म्हणाली, "इथे जमीन संपतच नाही.
सवय व्हायला वेळ लागला."
किती लागला, तेही तिने लिहिलं असतं
रकाना असता तर.

तिच्याकडे दफनविधीचा बिगुल.
वाजवणारे आता मिळत नाहीत,
म्हणून त्याच्या गळ्यात एक यंत्र बसवलेलं असतं.
बटण दाबायचं, ओठांना लावायचं,
छाती भरून आल्यासारखी दाखवायची.
चोवीस सूर आपले आपण निघतात.
घरचे रडतात.
जवळ जाऊन कुणी बघत नाही.

फेब्रुवारीत एल्डन स्ट्रिकलरला पोचवायला
आम्ही चौघंच. पाद्री, मी, टर्लिन,
आणि गाडी चालूच ठेवून उतरलेला एक पुतण्या.
थंडीने बॅटरी बसली.
तिने बटण दाबलं.
पुन्हा दाबलं.
हात खाली आला नाही.
बिगुल ओठांशी तसाच धरून
त्या सुरांना लागतो तितका वेळ
ती उभी राहिली.
तिचा गाल बारीकसा हलत होता, मोजत असावी.
पलीकडच्या रस्त्यावरून कोंबड्यांचा ट्रक गेला,
पिसं बर्फासारखी, पण बर्फाहून मळकी.
पुतण्या मागे वळला,
जाऊन इंजिन बंद करून आला.

सोमवारी कागद पुढे केला. बावीस मिनिटं.
पेन्सिलीने.
"बिगुल वाजलाच नाही, मिसेस हॅस्क्यू.
ते एक मिनिट वजा करू?"

मी चष्मा शोधत राहिले.
तो गळ्यातच होता.
म्हटलं, राहू दे गं.
"मग एकवीसच लिहिते," म्हणाली,
आणि खोडरबराचा चुरा
तळहाताने गोळा करून खिशात टाकला.

निबंध दाखवायला आणला होता.
सेवा म्हणजे काय, पाचशे शब्दांत.
हिचे तीनशे बारा.
बिगूल कुठेच नाही, झेंडा नाही, देशही एकदाच.
सगळं आईच्या हातमोज्यांबद्दल.
कामावर नवी बाई आली
की आई आपला आतला जोड तिला देते,
आणि घरी येऊन
हात गरम पाण्यात बुडवून बसते, न बोलता.
मी एक शब्द दुरुस्त केला. नंतर वाटलं,
तिचाच बरोबर होता.

अर्जाच्या आदल्या संध्याकाळी बेरीज केली.
दोनदा केली, कॉफी गार होईस्तोवर.
दीडशेला नऊ मिनिटं कमी.
माझं पेन हातातच होतं.
नऊ मिनिटं म्हणजे काय, एक आकडा नीट न लागणं.
पण ती पोर पुन्हा बेरीज करणार, मला माहीत होतं.

फोन केला. म्हटलं,
"ये जरा, हॉलमधल्या खुर्च्या रचायच्या आहेत."

खुर्च्या दुपारीच रचून झाल्या होत्या.
कोट काढला, बाह्या वर केल्या,
आणि ती यायच्या आत
एकेक उतरवून पुन्हा ओळीत मांडू लागले,
ऐंशी खुर्च्या,
मधेमधे कमरेवर हात ठेवून
दाराकडे बघत.